पासिंगचा जोड

“दादा, आज ड्यूटी न्हाई व्हय?”

बाजार समितीच्या मैदानावर मला बघून जयसिंगदाजींचा चेहरा जरा पडलाच.

“रजा टाकली,” मी म्हणालो. “म्हटलं, म्हातारीचा निकाल ऐकूनच जावं.”

म्हातारी म्हणजे त्यांची स्कूटर. पासष्ट सालची, त्यांच्या वडिलांनी नंबर लावून मिळवलेली. सुरू करायच्या आधी तिला एका अंगावर कलती धरायची, जरा वेळ मनधरणी करायची आणि मग किक मारायची. जयसिंगदाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, उज्ज्वलाचे, यजमान. दूध संघाच्या कचेरीत कारकून. माणूस साधा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दर रविवारी अंगणात बसून स्कूटर धुवायची आणि कोरड्या फडक्यानं पुसून लख्ख करायची, एवढाच काय तो शौक. मी तिथून गेलो की स्कूटरकडं बघून हटकून विचारायचो, “दाजी, लेकीला स्थळं यायला लागली का?” ते हसायचे. लागायचं त्यांना, पण हसायचे.

महिन्यातून एकदा आरटीओचे लोक आमच्या तालुक्याच्या गावी कॅम्पला येत. जुन्या गाड्या तिथं तपासून घ्याव्या लागत. त्याला आमच्याकडं सगळे पासिंग म्हणतात. पास झाली तर गाडी पुढची पाच वर्षं रस्त्यावर, नापास झाली तर घरात उभी. त्या सकाळी मैदानात जेवढी माणसं जमली होती ती सगळी आपापली गाडी पास व्हावी म्हणून आली होती. गाडी नापास व्हावी म्हणून आलेला मी एकटाच.

त्याला कारण होतं. मी एस.टी.त ड्रायव्हर. आमच्या गावामागचा करंजघाट मी बसनं रोज चढायचो-उतरायचो, त्याची वळणं मला पाठ. घाटाच्या वर, माझ्या बसच्या रस्त्यापासून बरीच आत, माळेवाडी. तिथल्या शाळेत उज्ज्वलाला शिक्षणसेवकाची नोकरी लागली होती. तीन वर्षं काढली की कायम. पण वाडीला बस एकच, तीही दुपारची. सासूबाईंना सुनेची नोकरी मुळातच पसंत नव्हती. त्यांनी एकच अट घातली होती, “जयसिंग सोडणार आणि जयसिंग आणणार असंल तरच. माझी सून रस्त्यावर जीपगाड्यांना हात करत उभी ऱ्हाणार न्हाई.” त्यामुळं सगळा मामला त्या स्कूटरवर. सकाळी दाजी तिला शाळेत सोडून परत घाट उतरून कचेरीत, संध्याकाळी पुन्हा वर जाऊन तिला घेऊन खाली.

एकदा मी दाजींच्या मागं बसून तो घाट उतरलो होतो. ब्रेक दाबला की स्कूटर आधी विचार करायची आणि मग थांबायची. खाली आल्यावर मी स्पष्ट सांगितलं, “दाजी, ह्या गाडीवर माझ्या बहिणीला नेऊ नका.”

“दादा, मी कायम दुसऱ्या गिअरला उतरतोय. इंजिनच धरून ठेवतंय तिला.”

ते खोटं नव्हतं. इतके हळू उतरायचे की सायकलवाले पुढं जायचे. पण मला झोप लागायची नाही. मी उज्ज्वलाला सांगितलं, आईकडून सांगवलं, कुणी ऐकेना. शेवटी वाटलं, आता सरकारनंच नापास केली तर सुटलो. नोकरी जाणार हे मला कळत होतं. पण नोकरी दुसरी बघता आली असती, बहीण दुसरी कुठून आणणार होतो.

त्यातून त्या दिवशी तपासायला देशमाने साहेब होते. त्यांचं नाव ऐकलं तरी टेंपोवाले गाडी माघारी वळवायचे. चहासुद्धा स्वतःच्या थर्मासमधला प्यायचे. मी मनात म्हटलं, झालं काम.

साहेबांनी चेसिसचा नंबर ताडून घेतला. हॉर्न वाजवून बघितला, दिवा लावून बघितला, टायरवरून हात फिरवला. टायर नवेच होते, दाजींनी दिवाळीत घातलेले.

“चालवून दाखवू, साहेब?” दाजींनी विचारलं.

“नको. मीच बघतो.”

साहेब स्कूटरवर बसले आणि मैदानाच्या पार टोकापर्यंत गेले. तिकडून चांगली वेगात आणली आणि आमच्यासमोर कचकन ब्रेक मारला. धुरळा उडाला आणि स्कूटर जागच्या जागी उभी राहिली. त्यांनी पुन्हा एक फेरी मारली. पुन्हा तेच. मी आ वासून बघत राहिलो. मी ज्या गाडीवर बसलो होतो ती ही गाडीच नव्हे.

“काम कुणी केलंय?” साहेबांनी विचारलं.

रांगेच्या कडेला आनंदा मिस्त्री उभा होता. जुन्या स्कूटरांचा तालुक्यातला एकमेव जाणकार. “मी, साहेब. दोन दिवस ठेवून घेतली हुती.”

“आणि ठेवलीय कुणी अशी?”

“मी,” दाजी म्हणाले.

“छान ठेवलीय. नवीन गाड्यांचेही असे ब्रेक बघायला मिळत नाहीत.” साहेबांनी सीटवर थाप मारली आणि सही केली.

दाजींनी माझ्याकडं बघितलं. मी ब्रेकवर पोट भरणारा माणूस, डोळ्यांनी बघितलेलं नाकारणार कसा? मी पुढं झालो आणि त्यांचा हात हातात घेतला.

“मानलं, दाजी,” मी म्हणालो. “उगीच बोलत हुतो मी. गाडी सांभाळावी तर तुम्हीच.”

त्यांचे कान लाल झाले. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि माझ्या तोंडून चांगला शब्द ते पहिल्यांदाच ऐकत होते. “आता सोडतासा न्हवं तुमच्या बहिणीला माझ्या मागं बसाय?” एवढंच म्हणाले.

कचेरीची वेळ झाली होती म्हणून ते तिथूनच चालत गेले. आनंदा म्हणाला, “तुम्ही व्हा पुढं, दाजी. जरा केबल वढून गाडी घरात आणून लावतो.” संध्याकाळी दाजी पेढे घेऊन आमच्याकडं आले. मी दोन खाल्ले आणि वर आणखी एक उचलला. मनापासून खाल्ले, कारण मनावरचं ओझं उतरलं होतं. इतके दिवस ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते आता एका कडक माणसानं तपासून बरं ठरवलं होतं.

त्यानंतर दाजी बदलले. चांगल्या अर्थानं म्हणतोय. मान वर करून बोलायला लागले. कचेरीत कुणी मोटरसायकलचं कौतुक केलं की देशमाने साहेब काय म्हणाले ते सांगायचे. साहेबांच्या थापेची गोष्ट त्या हिवाळ्यात मीच चारदा ऐकली, आणि दर वेळी थाप जरा जोराची होत गेली.

एकदा सकाळी मी बस घेऊन घाट चढत होतो. वरून एक स्कूटर आली. दाजी होते. शर्ट वाऱ्यानं फुगलेला, चेहरा हसरा. मला बघून त्यांनी हात वर केला आणि बाजूनं निघून गेले. ते गेल्यावर माझ्या ध्यानात आलं, इंजिनचा आवाजच नव्हता.

संध्याकाळी चौकात गाठ पडली तेव्हा मी विचारलं, “दाजी, इंजिन बंद करून उतरता?”

“सकाळच्याला तेवढं. एकटाच असतोय, उतार आयता मिळतोय, पेट्रोल वाचतंय.” मग हसले. “ब्रेक तर तुम्ही बघितलासा की.”

बघितलेच होते. “वळणावर जपा,” म्हणालो आणि विषय सोडला. तसे आमच्याकडं निम्मे लोक उताराला गाडी बंद करून सोडतात. बसच्या ड्रायव्हरनं केलं तर निलंबन होतं, स्कूटरवाल्याला कोण विचारतो?

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात दाजी गेले. उज्ज्वलाला शाळेत सोडून उतरत होते. तिसऱ्या वळणावर खालून उसाची ट्रॉली चढत होती. ट्रॅक्टरवाला सांगत होता की दाजींनी ट्रॉली लांबूनच बघितली, दोन्ही ब्रेक दाबलेले त्याला दिसत होते, पाय खाली टेकवून घासत आणले, पण गाडी थांबलीच नाही. उज्ज्वला त्या वेळी वर मुलांना पाढे म्हणून घेत होती. तिला आणायला मीच गेलो. त्या वाटेबद्दल मला काही लिहायचं नाही.

मला भीती होती ती उज्ज्वलासाठी. त्यांच्या जिवाची काळजी मी कधी केलीच नव्हती, हे तेव्हा कळलं.

अपघाताची गाडी आरटीओकडून तपासून घ्यावी लागते. पोलीस ठाण्याच्या आवारात चिंचेखाली ती पडली होती. तपासायला देशमाने साहेबच आले. त्यांनी मला ओळखलं नाही, स्कूटर मात्र बघताक्षणी ओळखली. हवालदाराला सांगून त्यांनी मागचं चाक काढायला लावलं आणि आतला ड्रम उघडला. आत ब्रेक शू असतात, त्यांना लायनर चिकटवलेलं असतं, तेच चाक धरतं. इथं लायनर नावालाही उरलं नव्हतं. नुसतं लोखंड ड्रमवर घासून चकाकत होतं. पुढच्या चाकात तेच. साहेब उकिडवे बसले होते ते तसेच बसून राहिले.

“हे ब्रेक मी पास केलेले नाहीत,” ते म्हणाले.

“साहेब, मी तिथंच होतो. तुम्ही दोनदा मारून बघितले.”

“तेच म्हणतोय. तीन-साडेतीन महिन्यांत लायनर असं जात नाही. हे कित्येक वर्षांचं आहे.” ते उठले, रुमालानं हात पुसत राहिले. “त्या दिवशी आत दुसरे शू होते.”

“तुम्हाला कळलं नाही?”

“आम्ही ड्रम उघडत नाही. चालवून बघतो, थांबली की पास.” मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “त्या दिवशी समोर उभ्या असलेल्या गाडीवर मी सही करतो हो. दुसऱ्या दिवशी ती कशी असेल, ते माझ्या हातात नसतं.”

प्रामाणिक माणूस होता. म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला. लाच खाणारा असता तर शिव्या तरी घालता आल्या असत्या.

तिथून मी थेट आनंदा मिस्त्रीच्या गॅरेजवर गेलो. तो एका जुन्या स्कूटरचं चाक बसवत होता. मी त्याची कॉलर धरली.

“आत दुसरे शू घातले हुतेस का न्हाई? खरं बोल.”

त्यानं सोडवून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. “घातले हुते,” म्हणाला. “पासिंगचा जोड हाय माझ्याकडं. ह्या मॉडेलचे शू आता कुठं मिळत न्हाईत. एक चांगला जोड घावलाय, त्यो मी जपून ठेवलाय. पासिंग आलं की घालायचा, झालं की काढायचा. केबल वढून दिली की जुने शू पण थोडे दिस धरत्यात, चालवणाऱ्याला कळत न्हाई. तालुक्यातल्या सगळ्या जुन्या गाड्या त्याच्यावरच पास हुत्यात. सगळ्यास्नी म्हाईत हाय.”

“दाजींना म्हाईत हुतं?”

त्यानं हातातला पाना बाजूला ठेवला.

“माणूस मेलाय, आनंदा.”

“म्हणून तर बोलंना झालोय. ताईस्नी इचारा.”

“कुठल्या ताईस्नी?”

“तुमच्या. त्याच आल्या हुत्या माझ्याकडं, कॅम्पच्या आधी. मी त्यास्नी समदं सांगून केलंय. पासिंग झाल्यावर जुने शू कोल्हापूरला धाडून नवीन लायनर बसवून आणतो, आठ दिवस गाडी द्या, असं पण बोललो हुतो. मग काय त्या आल्याच न्हाईत.”

माझ्या हातातून त्याची कॉलर सुटली. तेवढ्यात माझं लक्ष तो बसवत असलेल्या चाकाकडं गेलं. मी विचारलं, “आणि आता ह्यात काय घातलंयस?”

“जोड,” तो खाली मान घालून म्हणाला. “उद्या कॅम्प हाय. गिऱ्हाईकाला आधीच शबूद दिलाय.”

तेरावा झाल्यावर मी उज्ज्वलाकडं गेलो. ती परसात धुणं वाळत घालत होती. सासूबाई आत निजल्या होत्या. मी कसं विचारावं याची जुळवाजुळव करत होतो, तर तीच म्हणाली, “आनंदा मिस्त्रींना भेटलास ना? कळलं मला.”

“खरं हाय?”

“हो.” तिनं साडीचं टोक झटकलं, दांडीवर नीट पसरलं. “देशमाने साहेब येणार म्हटल्यावर मी घाबरले, दादा. गाडी नापास झाली असती तर सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी राजीनामा लिहून घेतला असता. दीड वर्ष राहिलं होतं फक्त.”

“मग दाजींना सांगायचं.”

“ह्यांना सांगितलं असतं तर ते गाडी घेऊन कॅम्पला गेलेच नसते. असलं जमायचं नाही त्यांना. तुला माहीत आहे.”

“आधी नको. नंतर तरी?”

ती पिळलेलं लुगडं हातात घेऊन तशीच उभी राहिली.

“त्याच दिवशी सांगणार होते. संध्याकाळी पेढे घेऊन आले. आल्या आल्या काय म्हणाले असतील? पास झाली, असं नाही. म्हणाले, दादांनी माझा हात हातात घेतला. मानलं म्हणाले. सगळ्यांच्या देखत.” तिनं लुगडं पुन्हा पिळलं. “जेवताना तेच, निजताना तेच. सहा वर्षांत मी त्यांना असं बघितलं नव्हतं. त्या माणसाला मी काय सांगू, की तुमची गाडी पास नाही झाली, आनंदाचे शू पास झाले?”

मी बादली तिच्याजवळ सरकवली.

“म्हटलं, मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली की गाडी आठ दिवस आनंदाकडं टाकू. तोवर हे दुसऱ्या गिअरमध्येच उतरतात, इंजिन धरून ठेवतं. संध्याकाळी मी मागं बसायचे तेव्हा नीट लक्ष ठेवून असायचे. एकदाच त्यांनी चावीला हात घातला होता, तेव्हा मी रागावले. बंद करायची नाही म्हणून शपथ घातली. त्यानंतर माझ्यासमोर कधी केली नाही.”

“सकाळी करत होते,” मी म्हणालो. माझ्या तोंडून ते निघूनच गेलं.

तिनं वळून बघितलं.

“एकटे असले की इंजिन बंद करून सोडायचे. घाटात मी डोळ्यांनी बघितलंय.”

“तुला माहीत होतं?”

“ब्रेक चांगले हाईत असं वाटत हुतं मला, उज्ज्वला. मी स्वतः बघितले हुते.”

“आणि मला वाटत होतं इंजिन चालू असतं,” ती म्हणाली. मग ते लुगडं तिनं पुन्हा बादलीत टाकलं आणि आत निघून गेली. आमच्यात त्या विषयावर ते शेवटचं बोलणं.

अपघातावर पेपरात बातमी आली. माळेवाडीच्या लोकांनी आगारावर मोर्चा आणला, आणि जी सकाळची बस मिळावी म्हणून उज्ज्वलानं आणि मी दोन वर्षं उंबरे झिजवले होते ती जूनपासून सुरू झाली. घाटाची माहिती असलेला ड्रायव्हर हवा म्हणून आगारप्रमुखांनी ती फेरी मला लावली.

पहिल्या दिवशी मी बस चौकात लावली. उज्ज्वला थांब्यावर उभी होती आणि तिच्या शेजारी सासूबाई. मुलगा गेल्यावर घर आता सुनेच्या पगारावर चालणार होतं. शाळेला एक दिवस जरी खाडा झाला तर आता त्यांचाच जीव वरखाली व्हायचा. त्यांनी डबा तिच्या हातात दिला आणि दारापाशी येऊन मला म्हणाल्या, “जरा येळंवर पोचवत जावा माझ्या सुनंला. कायम व्हायची हाय अजून.”

कंडक्टरनं घंटी दिली. उज्ज्वला माझ्या पाठीमागच्या पहिल्या बाकावर बसली होती. घाट लागला तशी मी बस दुसऱ्या गिअरला घातली. तिसऱ्या वळणावर आरशात बघायचं नाही असं मी घरून निघतानाच ठरवलं होतं. तरी बघितलं. ती खिडकीबाहेर बघत नव्हती. माझ्या पायाकडं, ब्रेकच्या शेजारी ठेवलेल्या माझ्या पायाकडं बघत होती. ती कायम झाली, नंतर मुख्याध्यापिका झाली. सेवानिवृत्त होईपर्यंत मी तो घाट तिला घेऊन चढलो, आणि इतक्या वर्षांत एकदाही तिनं त्या वळणावर माझ्या पायावरची नजर काढली नाही.